हिरडीचा रंग

यमुनाआत्यांनी नवी कवळी तोंडात बसवली, आरशात पाहिलं आणि लगेच काढून ट्रेमध्ये ठेवली.

"टोचतेय का गं आत्या?" उत्कर्षाने विचारलं. बिबवेवाडीतला हा दातांचा दवाखाना त्यांच्या या भाचीचाच.

"टोचत नाही. ही हिरडी कुणाची आहे?"

"परदेशातलं मटेरियल आहे. अ‍ॅक्रिलिकची कवळी पडली की मोडते, ही मोडत नाही."

"मोडण्याचं कोण विचारतंय? माझ्या आईची हिरडी जांभळी, माझी जांभळी. आई हसली की जांभळाखालचं अंगण आठवायचं. आणि तू मला ही केकवरच्या फुलासारखी गुलाबी लावतेस?"

"गडद रंगाची मिळते गं, पण कुणी मागतच नाही. गुलाबी छान दिसते," म्हणत उत्कर्षा मास्क खाली करून हसली.

आत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बारशाला तुझ्या कानात नाव मी सांगितलं. तू बोळकं उघडून रडलीस, तेव्हा सगळ्या म्हणाल्या, हिरडी आत्याची घेतलीय. कुठे गेली ती?"

उत्कर्षाने मास्क वर ओढला. "स्थळ आलं तेव्हा माझा फोटो पाहून मुलाच्या आईंनी विचारलं होतं, हिरडी अशी काळी का म्हणून. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये... मग मी हिरडीवरचा रंग खरवडून घेतला. रंग हळूहळू परत येतो म्हणतात."

आत्यांनी कवळी तिच्या हातात ठेवली. "मला जांभळीच करून दे. आणि लग्नाच्या आत दे. तुझ्या सासूसमोर पहिल्या पंगतीला बसून मी पोटभर हसणार आहे."