कोंबडा नको

पहिला गठ्ठा सुटला आणि मासानने गाळ्यातच कापडाचं टोक उलगडून पाहिलं. निळ्या कापडावर कोंबडी होती, पिल्लं होती, शेजारी वीतभर उंचीचा लाल कोंबडा होता. आणि प्रत्येक कोंबड्याच्या पायाशी, तिच्याच अक्षरात, तिच्याच मीना भाषेत छापलं होतं: ‘नको’.

कुठे घोटाळा झाला ते तिला लगेच कळलं. चित्रकाराने कोंबडीसोबत कोंबडाही काढून दिला होता. तो तिला नको होता, म्हणून तिने पेनने तसं लिहिलं आणि कागद नवऱ्याकडे दिला. नवरा, आयिते, बंदरात माल सोडवायचं काम करायचा. चीनमधल्या कापडगिरणीशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणंही त्याच्याकडेच होतं. त्याने बोलायचा त्रास घेतला नाही. कागदाचा फोटो काढला आणि दिला धाडून. गिरणीतल्या लोकांना मीना कुठून येणार? त्यांना ती नक्षीच वाटली, आणि त्यांनी ती इमानेइतबारे कंटेनरभर छापली.

टोगोचा कापूस बोटीत बसून परदेशी जातो आणि अंगावर काहीबाही छापून घेऊन परत येतो, याचं लोमेच्या बाजारात कुणाला नवल नाही. इथून तो पुढे बेनिनला जातो, बुर्किनाला जातो, पार नायजरपर्यंत जातो. पण त्याआधी बाजारातल्या बायकांनी त्याला नाव द्यावं लागतं. नवऱ्याला, सवतीला, सासूला जे तोंडाने ऐकवता येत नाही, ते इथली बाई अंगावर नेसून ऐकवते. बिननावाचं कापड मुकं. ते कोण घेणार?

मासानच्या कापडाला कुणी नाव दिलं नाही. नावं मात्र सगळ्यांनी ठेवली. गाळा तिच्या आईचा होता, आणि आईमागे हा तिचा पहिलाच कंटेनर. तो पडून राहिला तर डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणं आलं. शेजारच्या गाळ्यावरच्या अकोएलेने तर येता-जाता नजरेने या गाळ्याची लांबी-रुंदी मोजायला सुरुवात केली होती.

“गाळा सोडशील तेव्हा आधी मला सांग हं, दावी,” बहिणीला हाक मारावी तसं ती अगदी मायेने म्हणाली.

मासानने घरी अबोला धरला. आयितेपुढे मक्याच्या आकुमेची थाळी आदळायची आणि पाठ फिरवायची. तीन आठवडे तो माफी मागत होता. तीन आठवडे ती भिंतीकडे बघत होती. मग एका सकाळी ती त्याच कापडाचा झगा घालून आणि डोक्याला त्याचंच फडकं बांधून बाहेर आली. विकायचा विचारसुद्धा तिच्या मनात नव्हता. आयितेला ऐकवायचं होतं, बस्स. पाठीवर मधोमध एक कोंबडा येईल असं तिने शिंप्याला बजावून सांगितलं होतं.

आयितेने तो कोंबडा वाचला आणि हातातला पाव तसाच खाली ठेवला.

बाजाराच्या तोंडाशी एका मासेवालीने तिला अडवलं. पाठीवरचा कोंबडा म्हणजे घरचाच का, असं तिने हळूच विचारलं. मासान म्हणाली, घरचाच. मासेवाली इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली.

“सहा वार दे,” डोळे पुसत ती म्हणाली. “माझ्याकडेपण एक आहे.”

दुपारपर्यंत कापडाचं नाव ‘कोंबडा नको’ पडलं होतं. पंधरा दिवसांत गाळा रिकामा झाला. बेनिनच्या व्यापारणी मोटरसायकलींवर गठ्ठे बांधून घेऊन गेल्या. बंदरातले हमाल आयितेला बघून आरवायला लागले. तो बिचारा मान खाली घालून हसायचा. सगळ्या गावाचा कोंबडा झाला, पण घरी येऊन एका शब्दाने तक्रार केली नाही. ते पाहून मासानला बरं वाटलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं.

आता तिने आलेला सगळा पैसा घालून दुप्पट माल मागवला. एकच धास्ती होती. गिरणीवाले शहाणपणा करून चूक सुधारून टाकतील, मग विकायचं काय? या खेपेला गाळा राहणार का जाणार ते ठरणार होतं. आयितेच्या लक्षात राहावं म्हणून तिने त्याच कागदावर, ‘नको’च्या खाली, कोंबड्याकडे बाण काढून लिहिलं: ‘हा आहे तसाच राहू दे. मला असाच हवा.’ कागद आयितेला देताना तिने तीनतीनदा बजावलं, हे त्यांना तोंडी सांग, आणि या नव्या ओळी झाकून फोटो काढ.

चार महिन्यांनी आयिते स्वतः ट्रकवर बसून माल घेऊन आला. गठ्ठा सुटला. कोंबडा तोच, निळा रंग तोच, पायाशी ‘नको’ तेच. आणि त्याखाली बाणासकट दोन ओळी.

अकोएले तोंडावर हात धरून पुढे आली. हसायच्या तयारीनेच आली होती. तिने मोठ्याने वाचायला घेतलं, “नको. हा आहे तसाच राहू दे. मला असाच...” आणि तिचा आवाज खाली गेला. ती जरा वेळ कापडावर हात फिरवत राहिली.

“मला सहा वार काढ,” ती म्हणाली. “भांडायला पहिलं घेतलं होतं, आता समेटाला हे पण लागेल.”

मासानचं तिकडे लक्षच नव्हतं. ती कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली होती. आयिते ट्रकच्या दारात टोपी चुरगाळत उभा होता.

“झाकायला सांगितलं होतंस, माहीत आहे,” तो म्हणाला. “पण वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याबद्दल बरं काही लिहिलं होतंस. झाकवेना.”