गुंड्याचं नाक

भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात गुंड्याच्या अंगावरच्या पुळ्या बऱ्या व्हायच्या आणि पुन्हा उठायच्या. "पिंजरा नीट धुतला जात नाही," असा व्यवस्थापकांनी चारचौघांत ठपका ठेवला. तेव्हापासून सफाईच्या मावशी फरशी घासघासून अर्ध्या झाल्या, पण पुळ्या काही हटेनात. शेवटी त्यांनाही वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

नव्या डॉक्टरीणबाईंनी गुंड्याच्या नाकातला नमुना तपासायला पाठवला. अहवाल हातात पडताच त्या थेट पिंजऱ्यापाशी आल्या.

"मावशी, जंतू याच्या नाकात दडून बसलेत. हा नाक चाटतो, मग अंग चाटतो, की पुन्हा पुळ्या! आता नाकालाही औषध लावू. तुमच्या फरशीचा काही दोष नाही."

मावशींनी फरशी घासणं थांबवलं. "बाई, एवढं साहेबांच्या कानावर घालाल?"

"आधी त्यांच्याकडेच जाऊन आले. येताहेत ते, तुमची माफी मागायला."

मावशींनी हातातला ब्रश बाजूला टाकला. त्या पटकन खाली बसल्या, गुंड्याचं तोंड ओंजळीत धरलं आणि मुका घ्यायला वाकल्या.

"अहो मावशी, नाकाचा नको!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.