हीटरमागची फट

क्षितिजाने सुक्या बोंबलांचं पाकीट फाडलं आणि स्वतःच नाक मुरडलं. हीटरची गरम पाण्याची नळी भिंतीत शिरते, तिथे फट होती. त्या फटीत दोन बोंबील सरकवायचे, वरून फिलर भरायचं, रंग मारायचा आणि चालू लागायचं. पुढचं सगळं मेलबर्नचा हिवाळा बघून घेणार होता.

पॉइंट कुक उपनगरातल्या या घरात ती मागच्या खोलीत भाड्याने राहत होती. मालकीण सुनेत्राताई सुरुवातीला साखरेसारख्या गोड होत्या. मग क्षितिजाने भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला आणि ताईंना माशांचा वास यायला लागला. तशी हीटर लावला की वास क्षितिजालाही यायचा. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी टाकून ती आपलेच कपडे हुंगत बसायची. या घरात तिने मासळी एकदाही आणली नव्हती. पण ऐकतंय कोण?

"तुमच्याकडचा वास भिंतीत मुरतो गं," सुनेत्राताई म्हणाल्या होत्या. "आधीची नीलिमाही तसलीच. तिलाही रंगवूनच जायला लावलं. तूही रूम रंगव आणि मग जा."

तुमच्याकडचा! तो शब्द क्षितिजाच्या डोक्यातून जात नव्हता. आळ घेतलाच आहे ना, मग खरा करूनच जाते, असं तिने ठरवलं आणि मुद्दाम दुकानात जाऊन बोंबील आणले.

फटीतलं जुनं फिलर तडकलं होतं. तिने ते पट्टीने उकरून काढलं आणि आत बोट घातलं. बोटाला कागद लागला. तिने तो ओढून काढला. टिश्यूच्या घडीत दोन बोंबील होते, जुने, काळे पडलेले.

म्हणजे नीलिमानेही जाताना हेच केलं होतं. सूड उगवला मालकिणीवर आणि भोगला क्षितिजाने.

तेवढ्यात सुनेत्राताई दारात आल्या. क्षितिजाने बोंबील मुठीत झाकले.

"आटप गं लवकर. मंडेला निहारिका येतेय, नर्सिंगची स्टुडंट. तिला आधीच बजावलंय, वासबीस चालणार नाही."

आता ती पोरगी आपले कपडे हुंगत बसणार. क्षितिजाला स्वतःचीच चीड आली. तिने फट आतून स्वच्छ पुसली, नुसतं फिलर भरलं आणि भिंत मन लावून रंगवली.

दुपारी सुनेत्राताईंनी दारातूनच खोली न्याहाळली.

"फिनिशिंग मस्त केलंस हं! आमच्या बेडरूममध्येही हीटरमागे अशीच फट आहे. जाता जाता तेवढी बुजवशील?"

"नो वरीज, ताई," क्षितिजा म्हणाली. तिने फिलर उचललं आणि पाकीटही. नीलिमाचे बोंबील तिने त्यातच ठेवले होते.