चिकटलेल्या दोन रेघा

दादा प्रयोगशाळेत आला तो ताकाला जाऊन भांडं लपवत. आईच्या गुडघ्यांचं विचारलं, पंखा फार वाजतो म्हणाला, पण डोळे सगळा वेळ बहिणीसमोरच्या उजेडाच्या पेटीवर. पेटीवर समुद्रातून काढलेल्या प्रवाळाचा एक्स-रे होता. झाडासारखीच प्रवाळातही दरवर्षी वाढीची एक रेघ उमटते आणि त्या वर्षी पाण्यात जे असेल ते तिच्यात कायमचं बसतं. अणुवीज केंद्रातलं विषारी पाणी समुद्रात कोणत्या वर्षी सुटलं, हे चौकशी समितीला त्यावरूनच कळणार होतं. तेव्हा केंद्राचा प्रमुख दादा होता, की त्याच्या बदलीनंतर आलेला साहेब, एवढाच प्रश्न.

"किरणोत्सार सापडला तो या रेघेत," तिने तळाशी पेन्सिल टेकवली. "वरून मोजत आले. तुझ्या बदलीनंतरचं वर्ष निघतंय."

सुंठीवाचून खोकला गेला. दादाचा चेहरा खुलला. तिचाही खुलला, खोटं कशाला बोला.

"सुटलो बाई," तो खुर्चीत रेलला. "नाहीतर माझ्या बदलीनंतर, तुझ्या लग्नाच्या वर्षी समुद्र तापून मेलेले मासे किनाऱ्याला लागले होते, तेही लोकांनी माझ्याच माथी मारलं असतं."

ती हसली आणि हसता हसता थांबली. समुद्र एवढा तापला की प्रवाळाची उपासमार होते, वाढ खुंटते. त्या वर्षाची रेघ मग आधीच्या रेघेला चिकटून बसते. तिने भिंग उचललं. लग्नाच्या वर्षापाशी जाड दिसणारी रेघ एक नव्हतीच, दोन होत्या. तिने एकच धरली होती. म्हणजे त्याखालचं सगळं एकेक वर्ष मागे जात होतं आणि विषाचं वर्ष दादाच्या काळात.

तिने भिंग त्याच्याकडे दिलं. दादा मुळातला हुशार, तिला बेरीज-वजाबाकी शिकवली त्यानेच. तो वाकला, बघत राहिला. मग त्याने भिंग बाजूला ठेवलं आणि त्या जाड रेघेवर अंगठा दाबला.

"आता मोज," तो हळूच म्हणाला.

बाहेरच्या खोलीत समितीचा माणूस अहवालासाठी थांबला होता, त्याचं खाकरणं इथवर ऐकू येत होतं.

"दादा, अंगठा काढ."

बराच वेळ त्याने काढला नाही. काढला तेव्हा घामाचा ठसा फिल्मवर राहिला होता, नेमका त्या दोन रेघांवर.