मागच्या बाकावरची कंडक्टर

“तिसरीच्या वर्गात आहे माझी मुलगी,” कंडक्टर म्हणाली. “गेले पंधरा दिवस शाळेचं नाव काढलं की ती ताट बाजूला सारते. काल तर तयार होऊन दारापर्यंत आली आणि तिथंच मटकन बसली.”

मुख्याध्यापकांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या टेबलावर एक अर्ज होता, खाली तेवीस पालकांच्या सह्या. तिसरीच्या नव्या बाईंना वर्ग आवरत नाही, मुलांना धड वाचता येत नाही, बाई बदला.

“तुम्हीही सही करायला आलात?”

“नाही. वर्गात बसायला आले. बाहेर पाटी आहे ना तुमची.”

पाटी होती खरी. ‘पालकांनी वर्गात येऊन बसावे, शिकवण्यास हातभार लावावा.’ दीड वर्षं ती जिन्याखाली लटकत होती आणि आजवर एकही पालक फिरकला नव्हता. मुख्याध्यापक इतके हरखले की नावगाव विचारायचंही विसरले. स्वतः तिला वर्गापर्यंत घेऊन गेले.

“या पालक. आजपासून मागं बसतील,” त्यांनी बाईंना सांगितलं.

बाईंच्या हातातला खडू खाली पडला.

एक्केचाळीस मुलं होती. बाई पुढच्या दोन रांगांशी बोलत होत्या आणि मागे बाजार भरला होता. एक मुलगी बाकाखाली शिरून सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती. तिचे वडील मोबाइल दुरुस्त करायचे. अर्ज त्यांनीच लिहिला होता.

मधल्या सुट्टीत बाई मागच्या बाकापाशी आल्या. “उद्या यायची काही गरज नाही,” त्या खाली बघत म्हणाल्या.

“गरज दिसतेय मला,” कंडक्टर म्हणाली. “गाडी खच्चून भरली की मी आधी शेवटची सीट गाठते. पुढचे कुठं पळून जातात? मागचे शांत झाले की गाडी शांत.”

बाई तशाच वळून फळ्याकडे गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी धडा मागच्या बाकाजवळ उभं राहून सुरू केला. नाड्या बांधणारीच्याच हातात पुस्तक दिलं. ती गांगरली, तिनं इकडेतिकडे बघितलं आणि अडखळत एक ओळ वाचली. मग दुसरी. वर्ग ऐकत राहिला.

कंडक्टरची पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची. सकाळची शाळा सुटली की ती फाटकाशी उभी राहून मुलांना न्यायला आलेल्या एकेकाला गाठायची.

“रोज एक पान मुलानं मोठ्यानं वाचायचं, तुम्ही ऐकायचं. कुठलं पान ते बाई लिहून पाठवतील. भाजी चिरता चिरता ऐका, चालेल.”

“मलाच वाचता येत नाही,” कपडे धुणारी एक बाई ओशाळून म्हणाली.

“मग बरंच की. चुका काढायचा प्रश्नच मिटला. नुसतं विचारायचं, पुढं काय झालं?”

“तुमचं लेकरू कुठं बसतं?” कुणीतरी विचारायचं.

“बसतंय कसलं! सारखं फळ्यापाशी,” ती म्हणायची आणि सगळे हसायचे.

हळूहळू दार उघडू लागलं. एक गवंडी टेप घेऊन आला आणि मुलांनी अख्खा वर्ग मोजून काढला. धुणारी आपल्या मुलीशेजारी बसून गोष्ट ऐकू लागली. बाईंचा आवाज आता शेवटच्या भिंतीपर्यंत जात होता. कुणाचं घरी कुठं अडतं हे पालक त्यांना सांगत आणि त्या दुसऱ्या दिवशी नेमकं तेच घेत.

एकटे मोबाइलवाले हटून बसले होते. “शिकवणं शाळेचं काम. बिघडलेले फोन घेऊन मी कधी शाळेत येतो का?”

“अर्धा तास या. नाही पटलं तर खुशाल भांडा,” कंडक्टर म्हणाली.

ते आले. गुडघे हनुवटीला लावून छोट्या बाकावर बसले. त्यांच्या लेकीनं न अडखळता पान संपवलं आणि वळून त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत खडूची पूड गेली म्हणत त्यांनी रुमाल काढला. तिथून ते तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

“तो अर्ज द्या.”

“सह्या तर तुम्हीच गोळा केल्या होत्या.”

“म्हणून मीच फाडतो.”

पण अर्जाची प्रत वर पोचली होती. सोमवारी शिक्षणाधिकारी आले. “वर्ग बघितल्याशिवाय मी काही ठरवणार नाही,” त्यांनी बजावलं. “या बाई राहतील की जातील, आजच सांगतो.”

पालक खिडक्यांशी दाटीनं उभे राहिले. अधिकाऱ्यांनी हजेरीपट घेऊन मधलीच नावं पुकारली. पहिल्यानं वाचलं. दुसऱ्यानं वाचलं. धुणारीच्या मुलीनं वाचलं, तेव्हा खिडकीतल्या आईचे ओठ पुढच्या ओळीला आधीच हलले. अकरा मुलं झाली आणि नाड्या बांधणारी हात वर करून ओरडली, “साहेब, माझं नाव राहिलं!”

अधिकारी हसले. त्यांनी फाइल मिटली.

“बाई इथंच राहतील.”

एक्केचाळीस मुलांनी जो गलका केला, तो शाळेनं कधी ऐकला नव्हता. गवंड्यानं शिट्टी मारली. मोबाइलवाले सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या, हसत होत्या आणि खडूच्या हातानं डोळे पुसत होत्या.

“हे सगळं तुम्ही सुरू केलंत म्हणे,” अधिकारी कंडक्टरला म्हणाले. “तुमच्या मुलीला बोलवा. तिचंही ऐकू द्या.”

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं हजेरीपट ओढला आणि बोट कुठल्या नावावर ठेवावं ते न कळून तसेच थांबले.

कंडक्टर उठली. बाकांमधून चालत पुढे गेली आणि बाईंच्या गालावरचा खडू तिनं अंगठ्यानं पुसला.

“आई, सगळे बघतायत ना,” बाई म्हणाल्या.