वरच्या आळीचं सातवं आरमार

अमेरिकेच्या बोटीचं डावं चाक वेशीच्या दगडाला घासलं आणि तिच्यावरची कागदी विमानं घसरून आकारामच्या डोक्यावर आली.

बोट म्हणजे बैलगाडीच. वर कामट्या, कामट्यांवर पोती, पोत्यांवर चुना. बांगलादेशच्या लढाईत, डिसेंबरात, अमेरिकेचं सातवं आरमार आपल्याला धाक दाखवायला बंगालच्या उपसागरात शिरलं आणि एकही गोळा न डागता परत गेलं. तेव्हाच वडूजजवळच्या या गावानं चैत्राच्या जत्रेचं सोंग ठरवून टाकलं. चिठ्ठीत खालच्या आळीला आपली युद्धनौका विक्रांत मिळाली, वरच्या आळीला अमेरिका. अमेरिकेनं पारापर्यंत ऐटीत यायचं, विक्रांत दिसली की शेपूट घालून मागं सरायचं आणि गावानं पोट धरून हसायचं.

हसण्याचं आकारामला काही नव्हतं. तो गाडी हाकत होता आणि त्याचा जीव तिला जुंपलेल्या आपल्या बैलांसाठी तुटत होता. हौश्या आणि पाखऱ्या विकले जाणार होते.

त्याची आई अंबूबाई म्हणाली होती, "वैरण सरत आली. जत्रंला सांगलीकडचं पावणं येनार हायत, बैलं बघाय."

माणसांशी बोलायची वेळ आली की आकाराम कडब्याच्या गंजीआड जायचा. बैलांशी मात्र तासन्‌तास बोलायचा. ते गेले तर त्यानं बोलायचं कुणाशी?

सकाळी आईनं त्याला दाढी करायला लावली, नवा फेटा बांधायला लावला.

"बैलं बघाय येनार त्ये. माझी दाढी कशाला?"

"धन्यावरनं बैल वळखत्यात," अंबूबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

पाहुणे आले. नाथाजी नाव, उसाचे बागायतदार. बैलांचे दात बघायचं सोडून त्यांनी आकारामची काठी हातात घेतली आणि टोकाला टोचायचा खिळा आहे का ते चाचपलं.

"हिला आर न्हाई व्हय रं?"

"टोचतीया त्यास्नी." मग आकारामला एकदम भान आलं. "पर लय आळशी हायत, मामा. उसाच्या गाडीला न्हाई चालायची. बिचकत्यात बी."

नाथाजी मिशीत हसले. "बघू की मिरवणुकीत."

तिथंच आकारामनं बेत केला. पाराशी भलताच कासरा ओढायचा, बोट आडवी घालायची, सगळ्यांदेखत फजिती करून घ्यायची. असले बैल कोण घेईल? सोंग बिघडलं तर बिघडलं.

आता हलगी कडाडत होती आणि नाथाजी पारावर बसले होते. समोरून विक्रांत आली. नौदलाची पांढरी टोपी घालून ती हाकणाऱ्या बाळासोनं आणखी रुबाब दाखवायला बैलांना आर टोचली, त्याच वेळी कुणीतरी गुलाल उधळला, आणि त्याचे बैल उधळले. विक्रांत सुसाट अमेरिकेवर चालून आली. दोन्ही अंगाला बायकांची दाटी होती. गाड्या भिडून कलंडल्या असत्या तर त्यांच्यावरच.

आकाराम बेत विसरला. काठी टाकून त्यानं खाली उडी मारली आणि आपल्या दोन्ही बैलांच्या कपाळावर हात ठेवले.

"मागं, हौश्या. पाखऱ्या, मागं माज्या राजा."

दोघं पावलापावलानं मागं सरले आणि बोटीसकट चावडीशेजारच्या बोळात शिरले. विक्रांत समोरून धडधडत गेली आणि ओढ्याच्या वाळूत रुतून थांबली.

"पळाली, अमेरिका पळाली!" गाव शिट्ट्या मारत नाचू लागलं.

आकाराम बोळात बैलांच्या गळ्यात पडला होता. आजच्याइतके ते कधी शहाण्यासारखे वागले नव्हते, आणि त्यामुळंच आता जाणार होते. त्याला रडू आवरेना.

नाथाजी आले. त्यांनी हात पुढं केला आणि त्यावर उपरणं टाकलं. बैलबाजारात भाव करायचा तो असाच, कापडाखाली बोटं दाबून, तोंडानं एक शब्द न बोलता. आकारामनं मान फिरवून हात आत घातला.

बोटं कुणी दाबली नाहीत. तळहातावर हळदकुंकू लावलेली सुपारी आली.

"लेकीनं बजावून धाडलंया," नाथाजी म्हणाले, "काठीला आर लावनारा नवरा नगं."