कनातीमागची जागा

उद्याच्या लग्नात पाहुण्यांच्या जागा ठरवायला नवरदेवाचे काका देवीलाल यवतमाळहून नवरीच्या बंजारा तांड्यावर आले. मांडवात पुढे त्यांनी खुर्च्यांच्या रांगा लावल्या. पुतण्याच्या जिल्हा परिषदेतल्या नव्या नोकरीतले साहेब तिथे बसणार होते. मग मागच्या दोन खांबांना कापडी कनात बांधत ते नवरीच्या आईला म्हणाले, “तांड्यातल्या बाया हिच्यामागं बसतीन. तुमचे आरशांचे घागरे साहेबांपुढं बरे नाई दिसत.” “तुमच्या मायनं काय घातलं होतं, इवाई?” रामीबाईंनी विचारलं. देवीलालांनी गाठ आणखी आवळली. “पटत नसन, तर वरात येणार नाई.” लेकीची सोयरीक मोडण्याची रामीबाईंना भीती होती. तेवढ्यात नवरी बसंती चटई घेऊन आली. कनातीमागे ती अंथरून तिनं आईला शेजारी बसवलं. “काका, मी याडीपाशीच बसन. नवरदेवाले उद्या इकडंच पाठवा. साहेबाइले सांगा, लगन कनातीमागं लागन.”